जिथं हसायची सोय नव्हती

किल्लीमावशीला हसू आवरत नसे. आता तसं ते आपल्यालाही कधीमधी आवरत नाही. पण मावशीची गोष्ट वेगळी होती. तिचं हसू पोटातून निघायचं, छातीत दोन गिरक्या घ्यायचं आणि असं काही फुटायचं की शेजारच्या घरातलं मांजर उडी मारून कपाटावर जाऊन बसायचं. आधी बारीक किणकिण, मग एक लांबलचक 'हीऽऽ', आणि त्यानंतर खालच्या पट्टीतलं खो खो खो. एकदा ते तिसरं सुरू झालं, की थांबवणं तिच्या हातात राहायचं नाही. शाळेत ती वर्गात बसली त्याहून जास्त वर्गाबाहेर उभी राहिली. वडील कुलपं दुरुस्त करायचे. दुकानात गिऱ्हाईक आलं, की ते आधी हिला मागच्या खोलीत पिटाळायचे, कारण किल्ली हरवलेल्या माणसाचा चेहरा पाहिला की हिची किणकिण सुरू व्हायची.

अशाच एका गिऱ्हाइकाशी तिचं लग्न झालं. तो घड्याळं दुरुस्त करणारा होता. लांबट चेहरा, खाली ओघळलेल्या मिश्या, आणि सगळा जन्म कुणाच्या तरी दुखवट्याला निघाल्यासारखा भाव. तो दुकानात आला आणि सरळ तोंडानं म्हणाला, "माझं दुकान बंद आहे. किल्ली आत आहे. आत चाळीस घड्याळं आहेत. किती वाजले हे मी सोडून सगळ्यांना कळतंय."

मावशी मागच्या खोलीत होती. ती तिथं जी बसली, ती जमिनीवरच. वडिलांनी तिच्याकडे पाहिलं, त्या माणसाकडे पाहिलं. तो ढिम्म. हसण्याचा एवढा गडगडाट ऐकूनही त्याची मिशी हलली नव्हती. वडिलांनी तिथल्या तिथं मनाशी ठरवून टाकलं, की ह्या पोरीला सांभाळील तर हाच. पुढं संसारात कळलं, की सांभाळायचं तर दूरच, तिला हसवण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. तो मुद्दाम हसवायचा की त्याला खरंच तसंच सुचायचं, हे तिला चाळीस वर्षांत उमगलं नाही.

आता अशा बाईनं नोकरी कुठं करावी? तर चर्चमध्ये.

त्याचं असं झालं. गावातलं चर्च फार जुनं, दगडी, हाताच्या लांबीएवढ्या जाड भिंतींचं. त्याला एकोणीस दरवाजे आणि एकोणीस कुलपं, आणि त्यातलं एकही धड उघडत नव्हतं. फादर वडिलांकडे आले. वडिलांचे गुडघे धरलेले, म्हणून त्यांनी लेकीला पाठवलं. तिनं आठ दिवसांत एकोणीसच्या एकोणीस कुलपं लोण्यासारखी केली. फादर खूश झाले. म्हणाले, "बाई, किल्ल्या तुमच्याकडेच राहू द्या." मग किल्ल्यांपाठोपाठ झाडू आला, मग पितळी समया पुसायचं फडकं आलं, मग घंटेचा दोर आला. बघता बघता सव्वीस वर्षं झाली, आणि गावानं तिचं पाळण्यातलं नाव विसरून तिला किल्लीमावशी करून टाकलं.

सव्वीस वर्षं! आणि इमारत कसली, तर समोरच्या बाकावर कुणी शिंकलं तर मागच्या बाकावर ती शिंक दोनदा ऐकू यावी अशी. तिथं हसायची सोय नव्हती. मावशीनं उपाय शोधून काढले होते. पहिला, खिडकीतल्या रंगीत काचेचे तुकडे मोजायचे. दुसरा, स्वतःच्या दंडाला चिमटा. तिसरा, तोंडात किल्ली धरायची. एक जुनी लोखंडी किल्ली होती, तिचं कुलूप केव्हाच मोडीत गेलेलं. ती दातांत घट्ट धरली की किणकिणीपर्यंत आलेलं हसू परत फिरायचं. तिन्ही उपाय थकले, की वेदीमागच्या खोलीत पळायचं आणि फादरांच्या झग्यांच्या कपाटात तोंड खुपसायचं. बाप्तिस्म्याच्या वेळी बाळानं फादरांचा चष्मा ओढला तेव्हा ती कपाटात होती. गायनवृंदातल्या जाड्या काकांचं बटण तुटून थेट मेणबत्तीवर जाऊन बसलं आणि ती विझली, तेव्हा तर ती अर्धा तास कपाटात होती.

फक्त एकदाच तिला कपाट गाठता आलं नाही. सासूबाईंच्या अंत्यविधीला. सगळं चर्च भरलेलं, टाचणी पडली तर ऐकू यावी एवढी शांतता, चौघांच्या खांद्यावर शवपेटी वेदीकडे निघालेली, आणि मधल्या वाटेवर उभी असलेली मावशी 'हीऽऽ' करून फुटली. मग खालच्या पट्टीतलं. शेवटी दोन बायकांनी तिला धरून बाहेर नेलं.

कशाला हसली, हे तिनं कुणालाच सांगितलं नाही.

तिची नणंद नवऱ्याहून मोठी. ती मुलींच्या शाळेची मुख्याध्यापिका होती, आणि तिच्या पाठीचा कणा अजून शाळेतच असल्यासारखा ताठ होता. गाव तिला पाठीमागे कर्नल म्हणायचं. कर्नलनं त्या दिवसापासून भावजयीशी बोलणं टाकलं. एका टेबलाशी बसून जेवतानासुद्धा ती भावाला म्हणायची, "तिला सांग, मीठ इकडं दे." भाऊ शांतपणे मान वळवायचा आणि शेजारीच बसलेल्या मावशीला सांगायचा, "तुला सांगितलंय, मीठ तिकडं दे." आणि मावशी किल्ली शोधायला लागायची. अशी अकरा वर्षं गेली.

मधल्या काळात चर्चची माणसं कमी कमी होत गेली. जुनी गेली, नवी आली नाहीत. शेवटच्या वर्षी चौदाजण उरले, आणि त्यातल्या तिघांना ऐकूच येत नव्हतं. फादरही थकले. एके दिवशी वरून चर्च बंद करायचं पत्र आलं, समया आणि मूर्ती मोठ्या गावच्या चर्चला गेल्या, फादर दोन गल्ल्या पलीकडे पुतणीच्या घरी राहायला गेले, आणि मावशीनं एकोणीस कुलपं लावली. किल्ल्या परत कुणी मागितल्याच नाहीत. त्यामुळे दर शनिवारी ती तेलाची बाटली घेऊन जायची, कुलपांना तेल द्यायची, रिकाम्या जागेत एक चक्कर मारायची आणि घरी यायची.

दोन वर्षांनी गावच्या सभेत ठरलं, की एवढी इमारत उंदरांना आंदण देण्यापेक्षा तिथं नाटक-गाण्याची जागा करावी. कर्नलनं तीन पानी निषेधपत्र लिहिलं, त्यात सुवाच्य अक्षरात सात मुद्दे होते. लोक मावशीला रस्त्यात थांबवून हळहळायचे. "फार वाईट वाटत असेल ना तुम्हाला?" मावशी मान खाली घालून "हो ना" म्हणायची आणि भरभर चालू लागायची. खरं सांगायचं, तर तिला वाईट वाटतच नव्हतं. तिनं प्रयत्न करून पाहिला. स्वयंपाकघरात डोळे मिटून बसली आणि रिकाम्या वेदीचा विचार केला. पण विचार करता करता तिला तिथं खोट्या दाढ्या लावून धावणारी माणसं दिसायला लागली, आणि हातातल्या भांड्यासकट तिची मुरकुंडी वळली.

"काय झालं?" नवऱ्यानं विचारलं.

"वाईट वाटून घेतेय," ती म्हणाली.

"चालू दे," तो म्हणाला. "हवं तर मी बाहेर जातो."

नाटकवाली बाई आली ती एका सोमवारी सकाळी. चणीनं छोटी, पायांत मात्र भलेमोठे बूट. वीस वर्षं फिरत्या मंडळीत काम केलेलं. गुडघा दुखावला म्हणून एका जागी स्थिरावलेली. सगळे तिला ताई म्हणायला लागले. मावशीनं दारातच तिच्या हातात जुडगा दिला आणि एकेक किल्ली ओळखीची करून दिली. ही मोठ्या दाराची, ही घंटेच्या जिन्याची, ही तळघराची.

"आणि ही?" ताईनं लोखंडी किल्ली उचलली. तिच्यावर दातांचे खड्डे पडले होते.

"ती कुठलीच नाही. ती मी चावते."

ताईनं एकदा किल्लीकडे पाहिलं, एकदा मावशीकडे. "बरं," ती म्हणाली. "तुम्ही इथंच राहा. कुठंही जाऊ नका."

आणि मग जी धमाल उडाली ती काय सांगावी! गावानं हौसेनं नावं दिली. नाटक होतं एका चोराचं: तो घरात शिरतो आणि घरातले लोक त्याला मुलीसाठी बोलावलेला नृत्यशिक्षक समजतात. चोर झाले दातांचे डॉक्टर, जे आयुष्यात कुणाला 'तोंड उघडा' यापलीकडे फारसं बोलले नव्हते. घरमालकीण झाली बेकरीवाली, जिचा आवाज भट्टीसमोर कमावलेला. घरमालक झाला बसचा ड्रायव्हर, आणि त्याला प्रत्येक वाक्यानंतर मागे वळून बघायची खोड होती.

वेदीच्या जागी रंगमंच झाला. पापं कबूल करायची जी लाकडी पेटी होती, जाळीच्या खिडकीची, तिची तिकीटखिडकी झाली, आणि आत बसायचं काम मावशीकडे आलं. पहिल्याच दिवशी एक म्हातारे गृहस्थ आले. सवयीनं गुडघ्यावर बसले, जाळीला तोंड लावून कुजबुजले, "मी बायकोला सांगितलं की डॉक्टरकडे चाललोय."

मावशीनं किल्ली दातांत धरली. तशीच म्हणाली, "तिकितं किती?"

"दोन," ते म्हणाले. "तिलाही घेऊन येतो. तेवढीच शिक्षा ना?"

त्या दिवशी अर्धा तास खिडकी बंद ठेवावी लागली.

पण पहिल्याच तालमीला सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं. डॉक्टर रंगमंचावर आले आणि म्हणाले, "कोण आहे तिथं?" तर छतानं उत्तर दिलं, "तिथं… तिथं… थं." बेकरीवालीनं आपलं वाक्य म्हटलं, ते डॉक्टरांच्या वाक्याच्या प्रतिध्वनीत जाऊन अडकलं, दोन्ही मिळून वर गेली आणि ड्रायव्हरच्या बोलण्यावर येऊन आदळली. ड्रायव्हर घाबरून मागे वळला. चार माणसांचं नाटक, पण चाळीस माणसं भांडत असल्यासारखा कल्ला. ताई डोक्याला हात लावून पायरीवर बसली. "संपलं," ती म्हणाली. "ह्या जागेत नाटक होणं शक्य नाही."

मावशी कोपऱ्यात झाडत होती. ती म्हणाली, "गर्दी असली की असं नसायचं हो. थंडीच्या दिवसांत तर फादरांचा शब्दन् शब्द कळायचा. सगळ्यांच्या अंगावर जाड कोट असायचे ना, आवाज त्यात मुरायचा."

ताईनं हात खाली घेतला. "परत म्हणा."

"आवाज कोटात मुरायचा."

दुसऱ्या दिवशी गावभर निरोप गेला: घरात जे काही जाड, मऊ आणि लोंबणारं असेल ते घेऊन या. आणि गाव आलं. रजया आल्या, घोंगड्या आल्या, गालिचे आले. एका गालिच्यावर चहाचा डाग होता, तो कुणी सांडला यावरून ज्यांचा तो होता त्या नवराबायकोचं तिथंच भांडण जुंपलं. डॉक्टरांनी दवाखान्याचा हिरवा पडदा आणला. ड्रायव्हरनं बसच्या खिडक्यांचे सगळे पडदे आणले, त्यामुळे त्या आठवड्यात प्रवासी उन्हानं लाल होऊन उतरत होते. मावशीचा नवरा शिडीवर चढून सगळं गॅलरीच्या कठड्याला टांगत होता. एक फुलाफुलांची रजई हातात आली, तसा तो थबकला.

"ही आपली आहे."

"हो," मावशी खालून म्हणाली.

"मग मी काय पांघरू?"

"नाटक संपेपर्यंत कोट."

त्यानं गंभीरपणे रजई टांगली, वरून एक नजर टाकली आणि म्हणाला, "आपली बाकीच्यांपेक्षा बरी दिसते." मावशीनं शिडी धरली होती, शिडी अशी काही गदागदा हलली, की चौघांनी धावत येऊन ती सावरली. पण आवाजाचं घुमणं थांबलं. डॉक्टर "कोण आहे तिथं?" म्हणाले, आणि पहिल्यांदाच कुणी उत्तर दिलं नाही.

पहिला प्रयोग रविवारी दुपारी चारचा. तीनलाच बाक भरले. फादर आले, पुतणीचा हात धरून. कर्नल आली, आणि दुसऱ्या रांगेत कडेला बसली. हातात वही आणि पेन्सिल होती, बहुधा आठव्या मुद्द्यासाठी. मावशीनं तिला पाहिलं. आज काही झालं तरी हसायचं नाही, असं तिनं मनाशी पक्कं केलं. ती अगदी मागं, मोठ्या दाराजवळ उभी राहिली आणि पडदा हलायच्या आधीच किल्ली दातांत घेऊन तयार झाली.

नाटक सुरू झालं. डॉक्टर खिडकीतून आत आले, त्यांचा पाय फुलदाणीत अडकला. तालमीत ह्या जागी सगळे गडाबडा लोळायचे. इथं काही नाही. बेकरीवाली आली, चोराला वाकून नमस्कार करत म्हणाली, "मास्तर, तुमची किती वाट पाहिली!" काही नाही. ताईनं पडद्याच्या फटीतून डोकावून पाहिलं. तीनशे माणसं ताठ बसली होती. हात मांडीवर, कोटाची बटणं गळ्यापर्यंत, चेहरे धुतल्यासारखे कोरे. ड्रायव्हरनं त्याचं लांबलचक भाषण संपवलं, तेव्हा डाव्या बाजूच्या एक आजी खालच्या आवाजात म्हणाल्या, "आमेन."

ताई भिंतीच्या कडेनं धावत मागं आली आणि तिनं मावशीचं मनगट धरलं. "मावशी, काय झालंय ह्यांना? नाटक आवडत नाहीये का?"

मावशीनं किल्ली काढली. "आवडतंय हो. पण चर्चमध्ये आहेत ना ते. इथं हसायचं नसतं, हे लहानपणापासून चिमटे खाऊन शिकलेत सगळे."

"मग आता?"

मावशीला काय ठाऊक! तिनं किल्ली परत तोंडात घातली. वर रंगमंचावर डॉक्टरांची पाचावर धारण बसली होती. लोकांना आपण बिलकूल आवडत नाही, अशी त्यांची खात्री झाली होती. आता त्यांना कपाटात लपायचं होतं. त्यांनी कपाटाची मूठ धरली, ओढली, आणि मूठ निघून हातात आली. कपाट बंदच. हे नाटकात नव्हतं. बेकरीवाली बघत राहिली. ड्रायव्हर मागं वळून बघत राहिला. डॉक्टर ती मूठ चिमटीत धरून दिव्याखाली उभे होते, अगदी दाढ काढल्यावर धरतात तशी. सगळी वाक्यं डोक्यातून पुसली गेली, आणि तीस वर्षांच्या सवयीनं त्यांच्या तोंडून जे निघायचं तेच निघालं. ते प्रेक्षकांकडे वाकून अतिशय मायेनं म्हणाले, "दुखलं तर हात वर करा."

सगळीकडे चिडीचूप.

आणि पाचव्या रांगेतून, सावकाश, एक हात वर गेला. लांब मनगट, घड्याळजीचा हात. चेहऱ्यावर तोच दुखवट्याचा भाव.

किल्ली दगडी फरशीवर पडली. तिचा तो खणखणाट विरतो न विरतो तोच किणकिण आली, मग 'हीऽऽ', आणि मग सव्वीस वर्षं कपाटात कोंडलेलं ते सगळं खो खो खो करत बाहेर पडलं. रजया, घोंगड्या, गालिचे, कशालाच ते दाद देईना. ते खांबांवरून वर गेलं, छताला भिडलं आणि दुप्पट होऊन खाली आलं. तीनशे माना एकदम मागे वळल्या. मावशी दाराला टेकून घसरत खाली बसत होती, एक हात पोटावर, दुसरा माफी मागत हवेत. मग 'आमेन'वाल्या आजींच्या नाकातून एक बारीक शिट्टी वाजली. त्यांच्या शेजारचा फुटला. मग एक बाक, मग त्याच्या मागचा, मग अख्खी डावी बाजू. कोटांची बटणं सुटू लागली. फादर काठी जमिनीवर आपटत होते आणि डोळे पुसत होते. पिढ्यान्‌पिढ्या गिळलेलं हसू होतं ते. ज्याच्या त्याच्या घशात कुठलं तरी लहानपणचं बटण नाहीतर शिंक अडकून राहिली असणार. रंगमंचावर डॉक्टर आधी दचकले, मग त्यांच्या लक्षात आलं, आणि त्यांनी मूठ वर धरून वाकून नमस्कार केला.

त्यानंतर नाटकाला पंख फुटले. फुलदाणी नुसती दिसली तरी लोक हसायचे. ड्रायव्हर मागं वळला की हसायचे. चाळीस मिनिटांचा दुसरा अंक सव्वा तास चालला, कारण नटांना बोलायला जागाच मिळेना.

प्रयोग संपल्यावर फादर मावशीजवळ आले. त्यांनी तिचा हात दोन्ही हातांत घेतला. "बाई, तुम्हाला दमा नाही?"

"दमा? नाही हो, फादर."

"मग त्या झग्यांच्या खोलीतून कसले आवाज यायचे? मला वाटायचं, बिचारीला दमा आहे आणि अभिमानी आहे, कुणाला सांगत नाही. सव्वीस वर्षं मी रोज तुमच्या दम्यासाठी प्रार्थना करतोय!"

मावशीनं परत भिंत धरली. तेवढ्यात समोर कर्नल उभी राहिली. डोळे लाल, केसांच्या दोन पिना निसटलेल्या. तिनं इकडंतिकडं पाहिलं. भाऊ जवळपास नव्हता. निरोप द्यायला कोणीच नव्हतं.

"तू," ती म्हणाली. अकरा वर्षांत पहिल्यांदा थेट.

"वन्सं, माफ करा. मी ठरवलं होतं, पण—"

"आज नाही. त्या दिवशी. आईच्या वेळी. कशाला हसलीस?"

मावशी फरशीवर किल्ली शोधायला लागली. कर्नल तशीच उभी. "सांग. आज मीही हसले. कशी हसले, मलाच कळलं नाही. माझ्या नाकातून सायकलच्या पंपासारखा आवाज आला, सगळ्या रांगेनं ऐकला. आता सांगायला हरकत नाही."

मग मावशीनं सांगितलं. शवपेटी नेणाऱ्या पहिल्या माणसाचा बूट करकरत होता. एवढ्या शांततेत प्रत्येक पावलाला, चीं. चीं. चीं. सासूबाईंना करकर अजिबात खपायची नाही; घरातलं दार जरा कुरकुरलं तरी तेलाची बाटली घेऊन उभ्या राहायच्या. "आणि ह्यांनी माझ्या कानात सांगितलं, आता आई उठून बसणार आणि म्हणणार, आधी त्या बुटात तेल घाला, मग मला न्या."

कर्नलचा चेहरा हलेना. "हे त्यानं म्हटलं?"

"हो."

"आणि तू अकरा वर्षं सांगितलं नाहीस?"

"तुम्ही भावाशी बोलणं टाकलं असतंत, वन्सं. तुम्हाला भाऊ एकच. माझ्याशी नाही बोललात तरी मीठ तर मिळतच होतं."

कर्नलच्या ओठांची कड थरथरली. "आई म्हणालीच असती तसं," ती म्हणाली, आणि मग तो पंपाचा आवाज आला, एकदा, दोनदा, आणि ती भावजयीच्या खांद्यावर डोकं ठेवून अशी हसली, अशी हसली, की हसता हसता रडलीही, आणि दोन्ही बायका एकमेकींना धरून डुलत राहिल्या. तेवढ्यात भाऊ आला. कर्नलनं वर पाहिलं आणि हातातली वही गुंडाळून त्याच्या डोक्यात एक, पाठीत दोन अशा हाणल्या.

"अकरा वर्षं! मेल्या, अकरा वर्षं!"

तो जागचा हलला नाही. मावशीकडे वळून म्हणाला, "तिला सांग, मला दुखतंय." आणि हात वर केला.

पुढं त्या जागेनं चांगलंच बाळसं धरलं. लांबलांबची मंडळी प्रयोग घेऊन यायला लागली, आणि पत्रात खाली एक ओळ असायची: विनोदी नाटक आहे, मावशी त्या दिवशी आहेत ना? ताईनं तिला मधल्या वाटेवरची खुर्ची कायमची देऊन टाकली. शोकांतिका असली, की मात्र तिला तिकिटाच्या पेटीत बसवून खिडकीला दोन गालिचे लावत. कर्नलनं निषेधपत्र मागं घेतलं, पण रीतसर, सात मुद्द्यांचं उत्तर स्वतःच लिहून.

मग एके दिवशी तीच ताईसमोर येऊन उभी राहिली. ह्या लोकांची वाक्यं पाठ नसतात हे आपल्याच्यानं बघवत नाही, म्हणाली; आपण पुस्तक घेऊन पडद्याआड बसू आणि विसरणाऱ्याला हळूच आठवण करून देऊ. बसली. नेमकी डाव्या कोपऱ्यात, गोलाकार भिंतीला पाठ लावून. त्या कोपऱ्यात कुजबुजलेलं मागच्या बाकापर्यंत लख्ख ऐकू जातं, हे एकट्या मावशीला ठाऊक होतं, आणि ती खुर्चीत हाताची घडी घालून अगदी गप्प होती.

पहिल्याच अंकात डॉक्टर अडले. पडद्याआडून आवाज आला, "माझं काळीज तुमच्या पायाशी आहे, बाईसाहेब."

डॉक्टर घाबरून गप्प. आवाज आणखी करडा झाला. "माझं. काळीज. तुमच्या. पायाशी. आहे."

शेवटी पहिल्या तीन रांगांना डॉक्टरांची दया आली. शाळेत बाईंनी विचारल्यावर वर्ग म्हणतो तसं सगळ्यांनी एका सुरात म्हटलं, "माझं काळीज तुमच्या पायाशी आहे, बाईसाहेब!" त्यातल्या बऱ्याच बायका कर्नलच्याच हाताखालून गेलेल्या होत्या. पडद्याआडून शाबासकी आली, "छान. बसा." आणि खरोखरच दोघी-तिघी, ज्या नकळत उभ्या राहिल्या होत्या, त्या खाली बसल्या.